पयल्या हाकेले ओ

"हाये बाई!"

माही मंदी असं म्हणाली अन् माह्या ओटीतला कापूस सारा खाली सांडला.

तिच्या आंधी हाक आली होती. मी माह्या कानानं आयकली. टळटळीत दुपार, वारा नाई, पाखरू नाई. वावरात मी अन् माही आत्या दोघीच वेचून राह्यलो होतो. शेवटची वेचणी, कपाशीच्या पराट्या निरा वाळलेल्या, बोंडाची टोकं बोटात घुसत होती. मंदी बाभळीखाली तिच्या लहान्या भावाची झोळी हालवत बसली होती, माह्यापासून कपाशीच्या बारा तासं, बारा ओळी दूर. अन् धुऱ्याच्या, बांधाच्या तिकून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "डॉक्टरीणबाई!"

एकच डाव.

आमच्या गावात डॉक्टरीण नाई. ते नाव फक्त माह्या सात वर्साच्या मंदीचं होतं, अन् त्या नावानं हाक मारणारी एकच होती, शाळेतली नेरवाली बाई, नेर गावची मास्तरीण. अन् नेरवाल्या बाईले आमी कार्तिकात जाळलं होतं. मंदीच्या बापानं सोता खांदा देल्ला होता. तीन महिने झाले होते.

"मंदे, ओ देऊ नोको!" असं म्हणाले मी तोंड उघडलं, पण तवापर्यंत तिनं ओ देऊन टाकली होती. उठली, परकर झटकला अन् चालाले लागली. धावली नाई. शाळेची घंटा व्हाले येळ असला म्हणजे पोट्टे जसे जातात तशी गेली.

"आत्या वो! आयकलं काय?"

"काय?"

"हाक!"

आत्याचा हात बोंडावरच थांबला. ती माही आत्याही हाये अन् सासूही हाये. तिनं कोणाची हाक ते इचारलं नाई. तिनं इचारलं, "कितवी?"

"पयली."

"अन् पोरीनं ओ देल्ली?"

मी मान हालवली. आत्या तासातच मटकन खाली बसली.

मी पळाली. झोळी अजून हालतच होती, लेकरू काढलं, काखेत मारलं अन् धुरा ओलांडला. मंदी दिसेना. वाटेवर काळ्या मातीत पांढरे पांढरे ठिपके, गावाकडे गेलेले. म्हटलं कापूस असन, वेचणीच्या दिवसात साऱ्या वाटेवर कापूस सांडलेला राह्यते. मी वाकून एका ठिपक्याले बोट लावलं. बोट पांढरं झालं. कापसानं बोट पांढरं होत नाई.

तो खडू होता. अन् मातीत खडूचे ठिपके सोडत चालणारी बाई आमच्या गावात एकच होऊन गेली. मी धावत होती अन् तीच माह्या डोळ्यापुढे येत होती, तवा तिचं सांगितल्याबिगर पुढचं तुमाले समजणार नाई.

मध्यप्रांत जाऊन मुंबईचं राज आलं म्हणे, त्या साली आमच्या गावात शाळा उघडली. मी नऊ वर्साची होती. घाटंजीहून मास्तर येणार म्हणून पाटलानं बैलबंडी धाडली होती. बंडी पारापाशी आली, तिच्यातून एक बाई उतरली. बिनकाठाचं लुगडं, कपाळ मोकळं. पाटलानं बंडीत डोकं घातलं, इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. "अन् मास्तर कुठी हायेत?"

"मीच मास्तर."

"तसं नाई वो बाई. शाळेचे मास्तर."

"पाटील, डोकं बाहेर काढा. आत आता माझी पेटी आहे अन् सुतळी आहे. दोघींनाही शिकवता येत नाही."

सारा पार हासला, पाटीलही हासला, अन् हासता हासता साऱ्याइची नजर तिच्या पायावर गेली. पायात बूट. पांढरे, कापडाचे, बाप्या माणसाचे बूट. बाईच्या पायात बूट आमी कोणीच पाह्यला नव्हता. ते तिच्या मेलेल्या नवऱ्याचे होते असं कोणी म्हणे. तिनं कधी सांगितलं नाई अन् कोणी इचारलं नाई. रोज सकाळी ती शाळेच्या ओसरीवर बसून त्या बुटाले खडू घासे. माही माय म्हणे, "सरकारचा खडू बुटाले, अन् पोट्ट्याच्या फळ्याले काय, कोळसा?" तं बाई म्हणाली, "तुमची पोरं मान खाली घालून माझ्या पायाकडेच बघतात. निदान पाय तरी चांगले दिसू द्या. मान वर करायला लागली की घासणं बंद करीन."

तिनं घासणं कधी बंद केलं नाई. जिथी जाय तिथी भुरभुर पांढरे ठिपके पडत. चाललेलं आयकू येत नसे. तुमी ईरीवर पाणी ओढून राह्यले अन् मांगं वळून पाह्यलं तं बाई उभी. अन् तिचा आवाज, तो मले आजही समजला नाई. बारीक होता, सुईसारखा, पण ती फळ्यापाशी बोले अन् वाटे मांगच्या भिंतीकून कोणी बोलून राह्यलं. नवीन पोट्टं हमखास मांगं वळून पाहे. मंग सारे हासत.

पयल्या दिवशी ती एकेकाले शाळेच्या दारात उभं करे. तोंड बाहेर, पाठ तिच्याकडे. डोक्यावर हात ठेवे. हात थंड राहे, उन्हाळ्यातही. अन् इचारे, "मोठा झालास. समोर काय दिसतं?"

समोर काय दिसन? बोरीचं कुंपण दिसे, उकिरडा दिसे. पोट्टे तेच सांगत. बाई हात काढत नसे. "त्याच्या पलीकडे?" पोट्टं थांबे. मंग काहीतरी सांगे, अन् ते सांगताना त्याचा आवाज जरासक बदले. मले तरी तसं वाटे.

बंजाऱ्याच्या तांड्यावरचा थावरू आला तवा त्याले मराठी धड येत नव्हतं, घरी गोरबोली. बारा वर्साचा घोडा पयलीत. त्याच्या बाप-आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ-दाणा वाहून मुलुख पालथा घातला होता, अन् आता सारे चार एकरात येऊन बसले होते. बाईनं हात ठेवला. "काय दिसतं?"

"वाट."

"वाटेवर काय आहे?"

"मोटर. लाल."

"कोण चालवतं?"

थावरूनं छातीवर बोट ठेवलं. आमी पोट पकडून हासलो. आमच्या गावाले तवा मोटरीची सडक नव्हती, मोटर अर्ध्या पोट्ट्याइनं पाह्यली नव्हती. बाई हासली नाई. "बसा, ड्रायव्हरसाहेब," म्हणाली.

तवापासून हजेरीत तिनं कोणाचंच नाव घेतलं नाई. हजेरीच्या बुकात नाव लिहिलेलं राहे, पण तोंडानं बोलावे ते असं. ड्रायव्हरसाहेब! तलाठीभाऊ! शिंपीदादा! कंपाउंडर! ज्याले जे दिसलं ते. अन् ओ द्याची ती पयल्याच हाकेले, "हाये बाई" म्हणून. नाई देल्ली तं ती पुन्हा बोलावत नसे. समोर बसलेल्या पोट्ट्याची गैरहजेरी लागे.

"बाई, मी इथीसाच हावो!"

"कोण बोललं?" बाई इकडे तिकडे पाहे, निरा त्याच्या आंगातून पलीकडे पाहे. "कुणी नाही वाटतं." अन् तो पोट्टा दिवसभर खरंच नाई असा राहे. त्याच्याशी बोलत नसे, त्याची पाटी पाहत नसे. एक डाव माहीही अशी गैरहजेरी लागली. दुपारपर्यंत मले वाटाले लागलं का मी खरंच नाई. मी सोताले चिमटा घेऊन पाह्यला.

यावरूनच गाव तिच्यावर बिथरलं. आमच्याकडे लेकराइले बोलाले शिकवतात तवाच शिकवतात, का बाहेरून हाक आली तं पयल्या हाकेले ओ द्याची नाई. दुसरीलेही नाई. तीन हाका माणूसच मारू शकते. दुसरं जे काही राह्यते ते दोनावर थांबते, तिसरी त्याले मारता येत नाई. अन् तुमी पयलीले ओ देल्ली तं गेले तुमी त्याच्या मांगं. ही रीत माह्या आजीच्या आजीपासून होती. माही माय चार बाया घेऊन शाळेत गेली.

"बाई, लेकराइले पयल्या हाकेले ओ द्याले नोका शिकवू. दुपारच्या हाका कोणाच्या राह्यतात कोणाले मालूम?"

"भुताच्या?"

"नाव नोका घेऊ वो!"

"भूत आलं तर त्यालाही बसवीन पहिलीत. जागा आहे."

बाया चिडल्या. मंग बाई मऊ झाली. म्हणाली, "माय, तुमच्या घरी भूत किती वेळा आलं?"

"आलं नाई. तिसऱ्या हाकेले ओ देतो म्हणून आलं नाई."

"अन् चांगलं काही किती वेळा आलं? ते तीनदा हाक मारत नाही. ते एकदाच बोलावतं, अन् घाईत असतं."

माही माय घरी येऊन म्हणाली, "त्या बाईचं नाव घेऊ नोका. ती सोताच एकच हाक मारते. तिसरी ती कधी मारतच नाई. समजून घ्या." बायाइनं समजून घेतलं. पण शाळा फुकट होती, अन् पोट्टे दिवसभर घरातून जात, म्हणून धाडत राह्यल्या.

माह्या बाजूले शांती नावाची पोरगी बसे. तिले दारात उभं केलं तवा मी तिच्या मांगंच होती. बाईनं हात ठेवला, इचारलं. शांती म्हणाली, "काही नाई."

"त्याच्या पलीकडे?"

"निरा पांढरं हाये बाई."

बाईनं हात काढून घेतला. एकदम काढला, तव्यावरून काढावं तसा. अन् शांतीले काही नाव देल्लं नाई. हजेरीत तिले "शांती" म्हणूनच बोलावे, साऱ्याइच्या आंधी. त्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या. देवीची लस टोचणारा येतो येतो म्हणून आलाच नाई. बाई भर उन्हात घाटंजीले पायी गेली, त्याले अक्षरशः मनगटाले धरून आणला, पण शांती सकाळीच गेली होती. बाकीच्या साऱ्याइले बाईनं शाळेच्या ओसरीवर बसवून टोचून घेतलं. ज्या मायाइनं दारं लावली त्याइच्या दारावर ते बूट घालून लाथा मारल्या. माह्या दंडावर तो डाग हाये.

शाळा पुन्हा भरली. बाईनं बुक उघडलं अन् म्हणाली, "शांती."

आमी तिच्या रिकाम्या जागेकडे पाह्यलं. बाई थांबली. ओ द्याले जितका येळ लागते तितका थांबली, मंग बुकात काहीतरी केलं, मंग म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब." तवापासून दर साल, दर दिवशी, हजेरी शांतीपासून सुरू होय. नवीन पोट्टे आले, त्याइले शांती कोण मालूमही नव्हती, तरी तेवढा येळ सारे गप बसत.

मले दारात उभं केलं होतं तवा मी लाजेनं नुसती हासली होती, म्हणून मले नाव नव्हतं, हजेरीत बाई नुसतं "मुली" म्हणे. त्या दिवशी मी उभी राह्यली अन् म्हणाली, "बाई, मी टोचणारी होईन. मी येतो म्हणून येईन." 

बाईनं माह्या डोक्यावर हात ठेवला. "नर्सबाई," म्हणाली. मी म्हटलं, "हाये बाई."

तीन वर्सं मी नर्सबाई होती. कोंबडीच्या पायाले चिंधी बांधे, आत्याच्या बोटातला काटा काढे. चवथी पास झाली अन् घरी ठरलं का आत्याच्याच पोराले द्याची, वरच्या आळीतून खालच्या आळीत, पोरगी नजरेपुढे राहीन. हळद लागाले दोन दिवस होते. दुपारची येळ. बाहेरून आवाज आला. "नर्सबाई!"

मी उठलीच होती. मायनं मनगट धरलं. तिनं मले कणगीच्या मांगं ओढलं, तोंडाजवळ तोंड आणलं अन् म्हणाली, "थांब. तिसरी येऊ दे."

मी तोंड मिटलं. कणगीच्या फटीतून दारातलं ऊन दिसत होतं अन् उनात दोन पांढरे बूट. हातात काहीतरी कागद होता, वाऱ्यानं फडफडे. तो घाटंजीच्या मोठ्या शाळेचा फारम होता, हे मले मांगून समजलं. तिथी राहाची सोयही तिनं कोणाच्यातरी घरी लावली होती.

बाई थांबली. मंग तिनं पुन्हा बोलावलं. "नर्सबाई."

बाईनं जलमात कोणाले दुसरी हाक मारली नाई. मले मारली.

मी तिसरीची वाट पाहत राह्यली. मायच्या बोटाइचे वळ मनगटावर उठले. मंग पाह्यलं तं ऊन होतं, बूट नव्हते. उंबऱ्यावर दोन पांढरे ठसे होते. मायनं लगेच शेण आणून ते सारवून टाकले.

मंग मी खालच्या आळीत गेली, मंदी झाली, मधात एक गेलं, मंग पोरगा झाला. बाई ईरीवर भेटे, बाजारात भेटे. दर डाव म्हणे, "काय नर्सबाई." रागानं नाई. हजेरी घ्यावी तसं. मी मान खाली घाली अन् तिचे बूट पाहे. ओ कधी देल्ली नाई. आता कोणत्या तोंडानं देऊ?

थावरूचं तुमाले सांगाचं राह्यलं. आमच्या गावाले सडक झाली, पयली मोटर आली, लाल. सारं गाव पारावर. थावरूची माय मोटरीच्या चाकाले हळद-कुकू लावून साऱ्याइले सांगत सुटली, "म्हार छोरा! म्हार छोरा!" कारण मोटर थावरू चालवत होता. खाकी कपडे, मिशी. बाई गर्दीच्या मांगं उभी होती, तिनं सादं बोलल्यासारखं म्हटलं, "ड्रायव्हरसाहेब." एवढ्या कालव्यात ते कोणाले आयकू जाईन? पण थावरूनं इंजिन बंद केलं, खाली उडी मारली, टोपी काढली अन् बारा वर्साच्या पोट्ट्यासारखं ओरडला, "हाये बाई!" बाया डोळे पुसत होत्या. माही माय मात्र माह्या कानात म्हणाली, "पाह्यलं? जे बोलते ते होते. अशा बाईले जपून राहा लागते."

मंदीले सहावं लागलं तवा मी सोता तिले शाळेत घेऊन गेली. दारात उभं केलं. तोच थंड हात, आता त्याच्यावर शिरा आल्या होत्या. "काय दिसतं?"

"माय दिसते," मंदी म्हणाली. "निजली हाये."

बाईनं हात काढला नाई.

"अन् तू?"

"म्या तिचा हात धरला हाये. असा. नाडी पाहून राह्यली."

"उठते का ती?"

मंदीनं डोळे बारीक केले. "मी तिच्यापाशी थांबली तं उठते."

बाईनं माह्याकडे पाह्यलं. "डॉक्टरीणबाई," म्हणाली. अन् मले म्हणाली, "हिला चौथीवर थांबवायचं नाही. मी असो, नसो." मी हो म्हटलं. उंबऱ्यावर उभी राहून हो म्हटलं.

कार्तिकात बाई गेली. शाळेतच गेली. दुपारची हजेरी घेत होती. शांती झाली, मंदीच्या आंधीचे झाले, मंग म्हणाली, "डॉक्टरीणबाई," मंदी म्हणाली, "हाये बाई," अन् बाईनं बुकावर मान टेकली. पोट्ट्याइले वाटलं लिहून राह्यली. ते थांबले. मंदीच्या पुढच्या अकरा पोट्ट्याइची हजेरी राह्यली होती, अन् बाईनं बोलावल्याबिगर कोणी हालत नसे. दिवस बुडाले आला तरी शाळा सुटेना म्हणून माणसं पाहाले गेले, तं सारे पोट्टे गपचूप रांगेत बसलेले, पुढचा जो होता तो ओ द्याले तोंड अर्धं उघडून बसलेला.

बाईचे बूट आमी तिच्या संगच ठेवले. ते मी माह्या डोळ्यानं जळताना पाह्यले.

अन् मंग गावानं ते केलं जे आमचंच गाव करू शकते. हजेरी अर्धी राह्यली, ती पुरी करालेच बाई येईन, अन् एकच हाक मारीन, अन् पोट्टे तिनं पयल्याच हाकेले ओ देणारे करून ठेवलेले. कोणीच लेकरू शाळेत धाडेना. नवीन मास्तर आले, चांगला माणूस, रिकाम्या शाळेत एकटे घंटा वाजवत. घरोघर फिरले. "होळीपर्यंत पोरं आली नाहीत तर ही शाळा दुसऱ्या गावी नेतील. मग तुम्ही म्हणाल तरी मिळणार नाही." लोक म्हणाले, "बसा, च्या घ्या."

अन् साऱ्यात आंधी मंदीले घरी ठेवलं ते मी. दुसरं कोणी नाई. उंबऱ्यावर हो म्हटलेली मी. आत्या म्हणाली, "लहान्याले सांभाळाले कोणीतरी लागतेच," अन् मी तिची पाटी कणगीमांगं ठेवून देल्ली. मंदी वावरात झोळी हालवता हालवता काडीनं मातीत अक्षरं काढे अन् मी गेली का पायानं पुसे.

हे सारं डोक्यात घेऊन मी गावात शिरली, लेकरू काखेत, खुंटाइनं पाय रक्तानं भरलेले. अन् पाह्यलं तं मी एकटी नव्हती. या गल्लीतून एक माय धावून राह्यली, त्या गल्लीतून एक बाप. कोणाचं पोट्टं गोठ्यातून उठून गेलं, कोणाचं जेवता जेवता ताटावरून. साऱ्याइचं एकच. ओ देल्ली अन् गेलं.

नवीन मास्तर त्या दिवशी घाटंजीले गेले होते. शाळेले कुलूप होतं. अन् ओसरीवर सारे पोट्टे बसले होते. रांगेत. हजेरीच्या रांगेत. मंदी तिच्या जागेवर, पाठ ताठ, हातात पाटी. ती पाटी मी कणगीमांगं ठेवली होती. मंग कोणी म्हणालं का पोट्ट्याइनं आपसातच ठरवलं असन, त्याइले शाळा पाहिजे होती. असन. मी नाई म्हणत नाई. पण वावरातली हाक मी आयकली.

आमी बोरीच्या कुंपणाबाहेर उभे राह्यलो. आत जाची कोणाची छाती होईना. माहा पाटीवरचा डोळा हालेना. मी म्हटलं, "मंदे, चाल घरी." तिनं आयकलं नाई. मी पुन्हा म्हटलं.

पोट्टे गप होते. शांतीले ओ द्याले जितका येळ लागन तितके गप.

मंग पयला पोट्टा म्हणाला, "हाये बाई."

कोणी बोलावलं नव्हतं. आमाले तरी काही आयकू आलं नाई. दुसरा म्हणाला, "हाये बाई." तिसरी. मधात एकेका हाकेचा येळ सोडून, एकामांगं एक. मंदी म्हणाली, "हाये बाई," अन् माह्या मांगं आत्या रडाले लागली, ती वावरातून कशी आली कोणाले मालूम. अन् मंदीच्या पुढचे अकरा. तो अर्धं तोंड उघडून बसलेला पोट्टा सगळ्यात मोठ्यानं म्हणाला. शेवटची पोरगी म्हणाली, अन् हजेरी पुरी झाली.

कुलूप लागलेल्या दाराच्या उंबऱ्यावर मी पाह्यलं. दोन पांढरे ठसे होते, बाहेर तोंड केलेले. ओले नाई, जुने नाई. ताजी भुरभुर उडत होती, अन् वारा तं नव्हताच.

आता हे उठतील, म्हटलं, आता सारं सरलं.

"नर्सबाई!"

दारातून नाई आली. माह्या पाठीमांगून, निरा कानाजवळून आली, जशी ती फळ्यापाशी बोले अन् मांगून आयकू ये. दहा वर्साइनं तीच हाक. आत्यानं माहं मनगट धरलं. जिथी मायनं धरलं होतं तिथीच धरलं, बोटाले बोट बसलं.

"देऊ नोको वत्सले," आत्या म्हणाली. "तुले दोन लेकरं हायेत. तिसरी येऊ दे."

ओसरीवरून मंदी माह्याकडे पाहून राह्यली होती. साऱ्या पोट्ट्याइनं मान वळवली होती.

"माय," मंदी म्हणाली, "तुले बोलावून राह्यल्या बाई. तुले आयकू येत नाई काय?"

आत्याचं बोट मनगटात रुतलं. ठशावरची भुरभुर हालली.

"नर्सबाई."

ही दुसरी. अन् बाई तिसरी मारत नाई, हे माह्यापेक्षा कोणाले जास्त मालूम हाये? तुमी माह्या जागी असते, तुमचं मनगट असं धरलेलं असतं अन् तुमची पोरगी तुमच्याकडे पाहत असती, तं सांगा, तुमी काय केलं असतं?